डासाच्या आतड्यातील जिवाणू आणि डेंग्यूचा विषाणू

छत्तीसगडमधील भिलाई शहर पोलाद कारखान्याभोवती वाढले. 1955 साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि कामगारांच्या वसाहती वसत गेल्या. 2018 च्या पावसाळ्यात याच शहरात डेंग्यूची मोठी साथ आली व अनेकांचे प्राण गेले. हा रोग फैलावणारी एडिस इजिप्ताय जातीची मादी कूलर, टाक्या व टाकाऊ टायर यांत साचलेल्या पाण्याच्या काठाशी अंडी घालते.

तथापि, रुग्णाचे रक्त शोषणारी प्रत्येक मादी रोगवाहक होतेच असे नाही. रक्ताबरोबर आत गेलेल्या विषाणूला प्रथम आतड्याच्या पेशींत शिरावे लागते. तेथे वाढून तो साधारणतः 8 ते 12 दिवसांनी लाळग्रंथींत पोहोचतो. त्यानंतरच तिच्या दंशातून रोगाची लागण होते. म्हणजे विषाणूच्या वाटेवरील पहिला अडसर आतड्यातच असतो. तेथे वास्तव्य करणारे जिवाणू तो अडसर बळकट करतात किंवा दुबळा करतात.

2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात प्रतिजैविके देऊन डासांच्या आतड्यातील जिवाणू नष्ट करण्यात आले, तेव्हा डेंग्यूच्या विषाणूची वाढ अधिक झाल्याचे आढळले. जिवाणूंच्या सान्निध्यामुळे डासाची प्रतिकारयंत्रणा जागृत राहते, हे त्याचे कारण होय. याउलट, सेरॅशिया मार्सेसेन्स हा जिवाणू विषाणूला साहाय्यभूत ठरतो, असे चिनी संशोधकांनी 2019 साली दाखवून दिले. तो स्रवत असलेले एक प्रथिन आतड्याच्या पेशींवरील म्यूसिनचे आवरण पचवून टाकते आणि विषाणूची वाट मोकळी होते. पिकांवरील अळ्यांना मारणारे काही विषाणूही अशाच प्रकारच्या प्रथिनाच्या योगे अळीच्या आतड्यातील पडदा भेदतात. 2024 साली चीनच्या युनान प्रांतातील डासांमध्ये रोझेनबर्गिएला गटातील एक जिवाणू सापडल्याचे प्रसिद्ध झाले. तो ग्लुकोजपासून आम्ल तयार करतो व त्या आम्लतेमुळे विषाणू निष्प्रभ होतो.

असे उपकारक जिवाणू डासांमध्ये पसरविता आले तर साथींना आळा बसेल, अशी आशा वाटते. परंतु प्रयोगशाळेतील यश वस्तीपर्यंत पोहोचण्यास अवधी लागतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा पुरतो. म्हणून आठवड्यातून एकदा कूलर रिकामा करून, आतील बाजू घासून कोरडी करणे हाच घरोघरी करता येण्याजोगा खात्रीचा उपाय होय. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. कारण भिंतीला चिकटलेली अंडी कोरड्यातही अनेक महिने जिवंत राहतात.