ग्रंथीज्वर : रक्तातील प्रतिपिंडे काय सांगतात?

ताप, घसा दुखणं, मानेला दोन्ही बाजूंनी गाठी आणि अंगात त्राण नाही. आपण म्हणतो, घशाला सूज आलीय. पण कधीकधी हा ग्रंथीज्वर असतो. एप्स्टाइन-बार विषाणूमुळे होणारा हा आजार मुख्यतः लाळेतून पसरतो. अँटिबायोटिकने तो बरा होत नाही. उलट अमॉक्सिसिलिन दिलं तर अनेक रुग्णांच्या अंगावर पुरळ उठतं. म्हणून नेमकं निदान हवं.

१९३२ साली पॉल आणि बनेल यांना एक गंमत दिसली. या रुग्णांच्या रक्तातील सीरम मेंढीच्या लाल पेशींत मिसळलं, की पेशी एकमेकींना चिकटून पुंजके होतात! विषाणूचा शोध तर १९६४ मध्ये लागला. म्हणजे चोर कोण हे माहीत नसताना त्याचा माग मिळाला होता. आजची मोनोस्पॉट चाचणी त्याच तत्त्वावर चालते, फक्त पेशी बहुधा घोड्याच्या असतात.

मग हा माग याच विषाणूचा, हे कसं कळलं? फिलाडेल्फियात हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे नव्हती. १९६७ मध्ये तिला ग्रंथीज्वर झाला. पुन्हा रक्त तपासलं, तर प्रतिपिंडे हजर! आधीचं आणि नंतरचं रक्त हाताशी होतं, म्हणूनच हे उमगलं.

आता रिपोर्टकडे वळू. मोनोस्पॉट पहिल्या आठवड्यात साधारण चारातल्या एका रुग्णाला चुकीचा निगेटिव्ह दाखवते. चार वर्षांखालच्या मुलांत तर ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते. अशा वेळी विषाणूची खास प्रतिपिंडे तपासतात. व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह आणि ईबीएनए निगेटिव्ह असेल, तर संसर्ग ताजा. ईबीएनएची प्रतिपिंडे दोन ते चार महिन्यांनी येतात, म्हणून आयजीएम निगेटिव्ह पण आयजीजी व ईबीएनए दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर संसर्ग जुना. नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह वाचून घाबरू नका. जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांत ते असतंच.

संसर्ग ताजा निघाला, तर मुलाला किमान तीन आठवडे कबड्डी-कुस्तीपासून दूर ठेवा आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच मैदानात पाठवा. या आजारात प्लीहा सुजते, आणि पोटाला मार लागला तर ती फुटू शकते.