पत्राची ओळख आणि पेढीची पत

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमचा एक माजी विद्यार्थी महाविद्यालयात भेटावयास आला. वाणिज्य शाखेचा पदवीधर. शहापुरातील वडिलांचे साड्यांचे दुकान आता तोच पाहतो. सणासाठी कर्ज काढून त्याने माल भरला होता. बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा येथील ८०० गिऱ्हाइकांना नव्या मालाची वर्दी देणारी ई-पत्रे मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांतून मोठ्या हौसेने लिहून पाठविली होती. आठ दिवस झाले तरी एकाचेही उत्तर नव्हते. शेवटी मडगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन केला, तेव्हा उलगडा झाला. पत्र पोचले होते. पण इनबॉक्समध्ये नव्हे, तर ‘स्पॅम’ नावाच्या अडगळीच्या खोलीत. “सर, मी कोणती लबाडी केली?” असा त्याचा सरळ प्रश्न होता.

लबाडी त्याने कोणतीच केली नव्हती. परंतु पत्र खरोखर आपल्याच दुकानाचे आहे, हे सिद्ध करणारा पुरावाही त्याने पत्राबरोबर दिला नव्हता. हा पुरावा कसा तयार होतो, तो कोठे अपुरा पडतो आणि तो दिल्यावरही काय शिल्लक राहते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय तांत्रिक म्हणून वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी आणि व्यापारी म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पान उलटू नये, एवढीच विनंती.

१. पाकीट आणि कागद

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याचा आणि पत्त्यात ‘अ‍ॅट’ हे चिन्ह वापरण्याचा पहिला प्रयोग रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली अमेरिकेत केला. पुढे १९८२ साली जोनाथन पोस्टेल यांनी पत्रांच्या ने-आणीचे नियम लिहून प्रसिद्ध केले. त्या पद्धतीला संक्षेपाने ‘एसएमटीपी’ म्हणतात. त्यात वेळोवेळी भर पडली असली तरी आजचा टपालव्यवहार त्याच चौकटीत चालतो.

या पद्धतीत पाठविणाऱ्याचे नाव दोनदा येते, ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी. पाठविणारा संगणक घेणाऱ्या संगणकाला प्रथम सांगतो, “हे पत्र अमक्याकडून आहे, तमक्याला द्यावयाचे आहे.” हे झाले पाकीट. त्यानंतर तो मजकूर देतो व त्या मजकुराच्या माथ्यावर ‘फ्रॉम’ म्हणून पुन्हा एक नाव असते. हा झाला आतला कागद. वाचणाऱ्याला दिसतो तो फक्त कागद. पाकिटावरचे नाव आणि कागदावरचे नाव एकच असले पाहिजे अशी सक्ती मूळ नियमांत नव्हती. दोहोंपैकी एक तरी खरे आहे की नाही, हे तपासण्याची सोयही नव्हती. जाळ्यातील मंडळी थोडी आणि बहुतेक विद्यापीठे व संशोधनसंस्था यांतील. परस्परांवर विश्वास ठेवूनच सारा कारभार चाले.

गंमत अशी की जाहिरातीचा उपद्रव या नियमांहूनही जुना आहे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम धाडली आणि बरीच बोलणी खाल्ली. आज हीच पहिली स्पॅम म्हणून ओळखली जाते. मात्र थुर्क यांनी आपले नाव लपविले नव्हते. नाव लपविणारे व दुसऱ्याचे नाव लावणारे मागाहून आले. खरी अडचण त्यांच्यामुळे उत्पन्न झाली.

२. तीन पुरावे

या अडचणीवर तीन टप्प्यांत उपाय झाला. तिन्ही उपायांचा आधार एकच आहे. ‘अ‍ॅट’नंतरचे जे नाव, म्हणजे डोमेन, त्याची एक जाहीर नोंदवही जगभर उपलब्ध असते. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली रचलेली ही व्यवस्था ‘डीएनएस’ या नावाने ओळखली जाते. डोमेनच्या नावाखाली नोंद करण्याचा अधिकार फक्त मालकाला. वाचण्याचा अधिकार सर्वांना. तेव्हा मालकाने तेथे लिहून ठेवावे आणि पत्र घेणाऱ्याने तेथे जाऊन पडताळावे, अशी ही योजना आहे.

पहिला पुरावा ‘सेंडर पॉलिसी फ्रेमवर्क’, संक्षेपाने एसपीएफ. याचे नियम २००६ साली प्रथम प्रसिद्ध झाले व २०१४ साली सुधारले गेले. यात मालक आपल्या नावाने पत्रे आणण्याची मुभा असलेल्या संगणकांची यादी नोंदवहीत लिहितो. यादीत नसलेला संगणक पत्र घेऊन आला तर तो परका समजावा. यादीच्या शेवटी ‘ऑल’ हा शब्द असतो. त्याच्यामागे वजाचे चिन्ह असेल तर ‘परक्याला नाकारा’ आणि नागमोडी रेघ असेल तर ‘परक्याकडे संशयाने पाहा’ असा अर्थ होतो. एका डोमेनला अशी एकच नोंद चालते. दोन केल्यास दोन्ही निकामी. शिवाय यादी वाचताना नोंदवहीत दहापेक्षा अधिक वेळा शोध घ्यावा लागला, तर तपासणी फसली असे धरतात. मुख्य उणीव मात्र निराळीच आहे. एसपीएफ तपासतो पाकिटावरचे नाव. वाचणाऱ्याला दिसणारे कागदावरचे नाव तो पाहतच नाही. तसेच एखाद्याने आपले पत्र दुसऱ्या पत्त्याकडे आपोआप वळते केले असेल, तर पत्र आणणारा संगणक बदलतो आणि खरे पत्रही परके ठरू शकते.

दुसरा पुरावा ‘डोमेनकीज आयडेंटिफाइड मेल’, म्हणजे डीकेआयएम. याहू व सिस्को या कंपन्यांच्या दोन वेगळ्या योजना एकत्र करून २००७ साली हा सिद्ध झाला. समजावून घेण्यास आपल्याकडचाच दाखला उपयोगी पडेल. मराठेशाहीतील पत्रांच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब करीत. शिक्क्याने पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबामुळे शेवटी मागाहून एखादी ओळ घुसडण्यास वाव राहत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो. डीकेआयएम ही दोन्ही कामे करतो. पाठविणारा संगणक संपूर्ण मजकुराचा एक गणिती ठसा काढतो, त्यावर स्वतःजवळच्या खासगी किल्लीने सही करतो आणि ती सही पत्राला जोडतो. तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली नोंदवहीत असते. तिने कोणीही सही तपासावी. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. पत्र वळते केले तरी मजकूर तोच असल्याने सही टिकते. या पद्धतीत ‘मजकुराच्या अमुक लांबीपर्यंतच सही लागू’ असे सांगण्याचीही एक ऐच्छिक सोय आहे. ती वापरणे म्हणजे मोर्तब न करता पत्र धाडणे होय, ती टाळावी.

तिसरा पुरावा २०१२ साली जाहीर झाला व २०१५ साली त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्याचे लांबलचक नाव बाजूला ठेवून डीमार्क म्हणू या. पहिल्या दोहोंतील फट याने बुजविली. डीमार्क विचारतो : एसपीएफ अथवा डीकेआयएम यांपैकी एक तरी तपासणी उतरली आहे काय, आणि ती ज्या डोमेनच्या नावाने उतरली ते डोमेन कागदावरच्या ‘फ्रॉम’शी जुळते काय? ही जुळणी हाच डीमार्कचा प्राण. जुळणी नसेल तर काय करावे, हेही मालकच लिहून ठेवतो. ‘नन’ म्हणजे काही करू नका, फक्त मला कळवा. ‘क्वारंटाइन’ म्हणजे बाजूला टाका. ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत पाठवा. आपल्या नावाने कोणकोणत्या संगणकांनी पत्रे आणली, याचे अहवालही मालकाने दिलेल्या पत्त्यावर येतात, साधारणपणे रोज एकदा.

३. ७५ डॉलरांची किल्ली

पुरावा असणे आणि तो भक्कम असणे यांत अंतर आहे. याचे नामांकित उदाहरण ऑक्टोबर २०१२ मध्ये उजेडात आले. फ्लोरिडातील झॅकरी हॅरिस या गणितज्ञाला डिसेंबर २०११ मध्ये गूगलकडून नोकरीविषयी विचारणा करणारे पत्र आले. पत्र खरे की बनावट, हे पाहण्यासाठी त्याने डीकेआयएमची सही तपासली आणि किल्ली अवघी ५१२ बिटांची असल्याचे त्याच्या ध्यानात आले.

ही सही आरएसए पद्धतीची असते. तिचे बळ एवढ्यावरच उभे आहे की दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण त्या गुणाकारावरून मूळ संख्या शोधणे अतिशय अवघड. ५१२ बिटांच्या, म्हणजे १५५ अंकी संख्येचे असे अवयव १९९९ सालीच पाडून झाले होते. हॅरिसला वाटले, उमेदवाराची ही मुद्दाम ठेवलेली परीक्षा असावी. त्याने भाड्याच्या संगणकांवर सुमारे ७२ तासांत, अंदाजे ७५ डॉलर खर्चून, किल्ली फोडली आणि गूगलच्या संस्थापकांच्या नावांनी परस्परांनाच पत्रे धाडली. उत्तर आले नाही. पण दोन दिवसांत गूगलची किल्ली २०४८ बिटांची झाली. परीक्षा वगैरे काही नव्हतीच. ती निव्वळ चूक होती आणि इतरही अनेक मोठ्या कंपन्यांत तीच आढळली. तात्पर्य, किल्ली २०४८ बिटांची घ्यावी. १०२४ हून लहान तर कदापि नको.

४. शहापूरच्या दुकानाचे निदान

आता आपल्या दुकानदाराकडे वळू. त्याच्या डोमेनला एसपीएफची नोंद होती. मग अडले कोठे? त्याने स्वतःलाच एक पत्र पाठविले व जीमेलमधील ‘मूळ पत्र दाखवा’ हा पर्याय उघडला. तेथे तिन्ही तपासण्यांचे निकाल लिहिलेले असतात. एसपीएफ उत्तीर्ण, डीकेआयएम उत्तीर्ण! पण कोणाच्या नावाने? त्याने घाऊक पत्रे पाठविण्यासाठी जी सेवा घेतली होती, तिच्या. पाकीट सेवेचे, सही सेवेची आणि कागदावर नाव मात्र दुकानाचे. दोहोंची जुळणी नव्हती, आणि डीमार्कची नोंद तर मुळातच नव्हती.

दुरुस्ती या क्रमाने केली. प्रथम त्या सेवेच्या मांडणीत आपले डोमेन नोंदविले. सेवेने दिलेल्या नोंदी, डोमेन जेथून विकत घेतले तेथील डीएनएसच्या पानावर अक्षरशः जशाच्या तशा उतरविल्या. यामुळे सही दुकानाच्या नावाने होऊ लागली. मग डीमार्कची नोंद ‘नन’ या धोरणाने केली व अहवालासाठी वेगळा पत्ता दिला. काही आठवडे अहवाल पाहिले, तेव्हा एक विसरलेली गोष्ट सापडली : दुकानाचे बिलांचे सॉफ्टवेअरही त्याच नावाने, पण सहीवाचून, बिले पाठवीत होते. तेही सुधारले. त्यानंतरच धोरण ‘क्वारंटाइन’ केले. ‘रिजेक्ट’ पुढची पायरी.

हा क्रम उलटा केला असता तर पहिल्याच दिवशी स्वतःची बिले परत आली असती. मोठ्यांनाही हा अनुभव आला आहे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनला एकदम ‘रिजेक्ट’ लावले. हेतू बनावट पत्रे रोखण्याचा होता. पण चर्चामंडळांच्या सामाईक याद्यांतून जाणारी सभासदांची खरी पत्रेही परत फिरू लागली, कारण अशा याद्या पत्राच्या विषयाला वा शेवटी काही शब्द जोडतात आणि सही मोडते.

५. ओळख पटली, पुढे काय?

येथे लेख संपविता आला असता. परंतु मुद्दा येथेच सुरू होतो. तिन्ही पुरावे बिनचूक झाल्यावरही दुकानाची काही पत्रे स्पॅममध्ये जात राहिली. कारण उघड आहे. डोमेन विकत घेऊन या नोंदी करणे फसव्या माणसालाही जमते. पुरावा सांगतो पत्र कोणाचे. ते घेण्याजोगे आहे की नाही, हे सांगत नाही.

हे ठरते घेणाऱ्यांच्या वागण्यावरून. गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक पत्रे धाडणाऱ्यांना नियम लागू केले. जीमेलपुरते पाहिले तर दिवसाला ५००० वा अधिक पत्रे पाठविणाऱ्याला तिन्ही पुरावे हवेत. जाहिरातीच्या पत्रात एका कळीसरशी नाव कमी करण्याची सोय हवी. आणि ‘हे स्पॅम आहे’ अशा तक्रारी हजारी ३ पर्यंत कधी पोचू नयेत, शक्यतो १ हून कमी असाव्यात. लहान पाठविणाऱ्यालाही एसपीएफ वा डीकेआयएम यांपैकी एक लागतेच. आता हिशेब करा. ८०० पत्रांत अवघ्या ३ जणांनी तक्रार केली, तरी प्रमाण हजारी पावणेचार होते!

मी त्याला विचारले, “ही ८०० नावे आली कोठून?” तो थोडा ओशाळला. पाचशेच्या आसपास खरी गिऱ्हाइके होती. उरलेली नावे एका प्रदर्शनातील अभिप्रायवहीतून उतरवून घेतलेली. त्या लोकांनी साडीविषयी अभिप्राय दिला होता, पत्राला संमती नव्हे. ती नावे त्याने खोडली. दिवाळी तर हातची गेलीच. संक्रांतीला पत्रे कमी गेली, पण उत्तरे आली, दोन-चारांनी “दिवाळीत का कळवले नाही?” असेही विचारले.

जुन्या बाजारपेठेत हुंडी वटे ती कागदाच्या गुणाने नव्हे, पेढीच्या नावावर. पण सही त्याच पेढीची आहे, ही खात्री आधी व्हावी लागे. ई-पत्राचेही तसेच आहे. ओळख नसेल तर पत चिकटणार कशाला? आणि ओळख पटल्यावर चांगल्या वागणुकीबरोबर वाईट वागणूकही त्याच नावावर जमा होते. तेव्हा हे प्रमाणन म्हणजे स्पॅममधून सुटण्याची युक्ती नव्हे. आपल्या नावाची जबाबदारी जाहीरपणे पत्करणे होय.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. आपल्या इनबॉक्समधील एक पत्र व स्पॅममधील एक पत्र घेऊन दोहोंचे मूळ रूप उघडावे, कोणते डोमेन कोणत्या तपासणीत उतरले ते लिहून काढावे आणि ‘फ्रॉम’शी ताडून पाहावे. स्पॅममधील एखादे पत्र तिन्ही तपासण्यांत उत्तीर्ण झालेले आढळले, तर चकित होऊ नये. त्या लेखकाची ओळख पटली आहे, पत मात्र अजून मिळालेली नाही.