वाघाची हमी न घेता कारध्याला या

आईबाबांनो,

थंडी पडली की तुमच्या शाळेच्या ग्रुपवर आमच्या भागाची जाहिरात फिरू लागते. पहाटे सफारी, दहाला स्तूप, बाराला किल्ला, दोनला जेवण, चारला पूल, सहाला परत. एका दिवसात जंगलही आणि संस्कृतीही! तुम्ही भरवशाने पैसे भरता आणि संध्याकाळी पोर गाडीत मान टाकून झोपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी आजीने विचारलं, "काय पाहिलंस रे?" तर म्हणतं, "वाघ नाही दिसला."

मी कारध्याच्या बाजूला राहते. शाळेत मुलं सांभाळण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे सहल नावाच्या प्रकाराशी माझी जुनी ओळख आहे. तिच्या जोरावर चार गोष्टी सांगते. पटल्या तर घ्या.

नागपूरहून जुन्या सहा नंबरच्या हायवेने साठेक किलोमीटरवर भंडारा लागतं. शहर संपलं की वैनगंगा आणि नदीपलीकडे कारधा. तुम्ही हे नाव ऐकलं असेल ते पावसाळ्यातल्या बातम्यांत. इथली नदीची धोक्याची पातळी 245.50 मीटर, आणि पाणी तिच्याकडे सरकू लागलं की सगळ्या जिल्ह्याचं लक्ष कारध्याकडे लागतं. 2020 च्या ऑगस्टअखेरीस आलेला पूर आम्ही अजून विसरलो नाही. इंग्रजांच्या वेळचा लहान पूल मोठ्या पुरात पाण्याखाली जातो, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. एरवी मुद्दाम कारध्याला कुणी येत नाही. गाड्या रायपूरच्या दिशेने निघून जातात. पण मुलांना घेऊन एकच दिवस काढायचा असेल, तर मी याच गावाला मध्यावर धरीन. नदीच्या या अंगाला तासाभराच्या आत कोक्याचं जंगल, त्या अंगाला पितळेचं शहर आणि कोशाचे माग. दोन्हीकडे रानाची आणि माणसाच्या जगण्याची एकच गोष्ट चालू आहे. ती मुलांना जोडून दाखवता आली तर दिवस सार्थकी लागला.

आधी वाघाचं बोलून टाकू. कोका अभयारण्य 2013 मध्ये घोषित झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात आलं. प्रकल्पाच्या नावात व्याघ्र आहे म्हणून वळणावळणावर वाघ उभा असेल असं नाही. 2023 च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडाव्या लागल्या, यावरून काय ते समजा. कोक्यात रानगवे आहेत, चितळ, नीलगाय, अस्वल, बिबट्या, रानकुत्रे आहेत. वाघही आहे, पण त्याने तुमच्या आठ वाजेपर्यंतच्या वेळेत रस्ता ओलांडलाच पाहिजे असा काही करार नाही. प्राणी दिसलाच पाहिजे असा हट्ट असेल तर सरळ नागपूरच्या गोरेवाड्याला जा. तिथे त्याचसाठी 2021 पासून सफारी आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. लहान पोराला तर तेच बरं.

हट्ट मुलांचा असतो असं आपण म्हणतो. मी पाहिलंय, तो बहुधा मोठ्यांचा असतो. "एवढे पैसे भरले" हे वाक्य मुलाच्या तोंडचं नव्हे. ड्रायव्हरला "भाऊ, जरा अजून पुढे घ्या ना" म्हणणारे आपणच. त्याचं टोक काय होतं ते 2024 च्या शेवटच्या दिवशी इथून जवळच दिसलं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-2 नावाची वाघीण पाच बछड्यांना घेऊन निघाली होती, आणि पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून तिची वाट अडवली. गाईड, ड्रायव्हर निलंबित झाले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मला प्रश्न पडतो तो गाड्यांमध्ये बसलेल्या मुलांचा. पाच पिल्लं आईपाशी घुटमळताहेत आणि आपले आईबाबा मोबाईल उंच करून उभे आहेत, हे त्यांनी पाहिलं. त्याची शिक्षा कुठल्याच कोर्टात होत नाही.

तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्रीच मुलांना सांगून ठेवा: उद्या वाघ दिसणार नाही. दिसला तर दिसला. मग जंगलात त्यांना काम द्या. माकडं आणि चितळं एकत्र का असतात ते बघायला सांगा. वानरं झाडावर पाला खाताना बराचसा खाली टाकतात, तो चितळांच्या तोंडी पडतो. वानराला वरून लांबचं दिसतं, चितळाला खालून वास येतो. दोघांपैकी एकाने ओरड केली की दुसरा सावध. ही ओरड गाडी थांबवून ऐकायची. गाईड आसपासच्याच गावचा मुलगा असतो, त्याला मुलांनीच विचारू द्या. मोहाच्या झाडाखाली कुणी कधी फुलं वेचली, अस्वलाची गाठ पडली की काय करायचं, हे तो त्याच्या घरचं सांगेल. मार्च-एप्रिलात मोहफुलं पडतात तेव्हा माणूस आणि अस्वल दोघंही त्याच झाडाखाली येतात, पहाटे, त्याच भुकेने. शहरातल्या मुलाला जंगल म्हणजे प्राण्यांचं घर एवढंच शिकवलेलं असतं. ते माणसांच्या चुलीशीही जोडलेलं आहे हे इथे कळतं.

एक झाड मात्र नक्की ओळखून घ्या: ऐन. खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, लांबूनही चुकत नाही. मुलांना त्याला हात लावू द्या (जिथे गाडीतून उतरायची परवानगी असेल तिथे, हे सांगायला नको). दुपारी त्याचं काम आहे.

दुपारी, म्हणजे जेवण झाल्यावर. आणि जेवणानंतर मुलांना अर्धा तास काहीही करायला लावू नका. सहलीतली सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्या अर्ध्या तासात आणखी एक देऊळ बसवणं. थंडीत रस्त्याकडेला उकडलेले शिंगाडे घेऊन मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बाया बसलेल्या दिसतील, ते घ्या. शिंगाडा इथल्याच तलावातला. भात मागाल तर चिन्नोर आहे का विचारा. भंडाऱ्याच्या या तांदळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

भात आणि शिंगाडा पोटात गेला की तलावाची गोष्ट आपोआप निघते. आमच्या जिल्ह्यात गावागणिक तलाव आहेत. आमच्याकडे तरा म्हणतात, लहान असला तर बोडी. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधले. दोन-अडीचशे वर्षं होऊन गेली. दोन उंचवट्यांमधल्या सखल जागी मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं वाहून जायला सलंग. ना सिमेंट, ना इंजिनिअरची डिग्री. पुढे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, ताब्यात होते. मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले आणि पाळीवर माती टाकायला हौसेने जाणारं कुणी उरलं नाही. काही तलावांत आता गाळ आहे, काहींत बेशरम माजली आहे. पण जो तलाव जिता आहे त्याच्या पाळीवर मुलांना अर्धा तास बसवा. कमळाच्या पानांवरून चालणारा पक्षी, पाण्यात बुडून भलतीकडे वर येणारा पाणकावळा, काठाशी आपोआप उगवलेलं देवधान. ऋषिपंचमीला नांगराचं खायचं नसतं म्हणून बाया हेच देवधान झोडून आणत. पक्ष्याला ते दाणे, बाईला तो उपास. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ नावाची संस्था आमच्याकडे बरीच वर्षं ढिवर बायांना सोबत घेऊन अशाच तलावांत पाणवनस्पती लावते आहे, म्हणजे देशी मासे परत यावेत. संस्थेच्या नावातच दोन्ही गोष्टी आहेत बघा. तुमच्या टूरवाल्याने मात्र त्यांचे दोन वेगळे दर लावले आहेत.

आता ऐनाकडे. पूल ओलांडून मोहाडीच्या वाटेला लागलात की आंधळगाव येतं. कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, कापडाचं गाव. आधी फोन करून, विचारून जा. ते माणसांचं घर आहे, म्युझियम नाही. फोटोही विचारून.

तिथे कुणीतरी एक कोश मुलाच्या तळहातावर ठेवतंच. फिकट तपकिरी, लिंबाहून थोडा लांबट, टणक, आणि एका टोकाला देठ. तो देठ रेशीमकिड्याने स्वतःच विणलेला असतो. फांदीला कडं घालून तो आपला कोश लटकवतो, म्हणून वाऱ्यात पडत नाही. कोश कानाशी धरून हलवला की आत काहीतरी हलकंसं आपटतं. मुलांचे डोळे त्या वेळी बघण्यासारखे होतात. हा किडा ऐनाचा आणि अर्जुनाचा पाला खाऊन वाढतो. त्याला घरात टोपलीत वाढवता येत नाही, उघड्या रानात झाडावरच वाढवावा लागतो, आणि माणसाला दिवसभर पाखरं हाकलत, मुंग्यांपासून जपत खाली बसावं लागतं. हे काम परंपरेने ढिवरांचं. म्हणजे सकाळी ज्या सालीला हात लावला, तीच आता धागा होऊन समोर आली. कोश उकळून मऊ झाले की बाई पाचसहा कोशांचे तंतू एकत्र ओढून मांडीवर वळते. यंत्रं आली तरी मांडीवरचं सूत पाहायला मिळालं तर मुलांना नक्की दाखवा. मग माग. करवतकाठी साडीला तीन धोटे लागतात: अंगाला एक, दोन्ही काठांना एकेक. काठावर करवतीचे दात उमटतात ते छापलेले नसतात, विणलेले असतात. या विणीलाही भौगोलिक मानांकन आहे, पण मुलांना त्याचं काही नाही. त्यांना धोटा हातात घेऊन बघायचा असतो.

एकदा एक पाचवीतली मुलगी कोश खडखडवत उभी होती. मागावरच्या आजी म्हणाल्या, "नोको हालवू माय, आंदर निजला हाये तो." तिने लगेच विचारलं, "मग उकळलं की?" आजींनी सांगितलं, मरतो. मुलीची आई घाईघाईने म्हणाली, "चल चल, ती साडी बघ किती छान!" मला ते आवडलं नाही. मुलीने दिवसभरातला सगळ्यात खरा प्रश्न विचारला होता. पाखरू बाहेर पडलेल्या फुटक्या कोशांचंही सूत निघतं, ते जाडंभरडं असतं, अखंड धागा हवा तर किडा आत मरतो. एवढं सरळ सांगता येतं. ऐकून मुलगी रडेल, किंवा कोशाची साडी नको म्हणेल, किंवा आजींना विचारील की मग तुम्ही काय खाल? तिघींना मिळून त्यावर बोलू द्यावं. साडी कुठे पळून जात नाही.

तिथे काही घ्यायचं असेल तर घासाघीस करू नका. घ्यायचं नसेल तर तसं सांगा, कुणी रागावत नाही.

भंडारा शहर यात घाईचं झालं तरी चालेल. मेंढ्याचा भृशुंड गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांतला, दर्शन घेऊन घ्या. पितळेचं शहर म्हणून नाव आहे, पण स्टीलने आणि प्लॅस्टिकने त्या धंद्याचा कणा मोडला, हे मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही. कल्हई करणारा कुठे दिसलाच तर मात्र गाडी थांबवा. तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उठतो, कथील फिरतं आणि कापसाच्या बोळ्याखाली काळं भांडं क्षणात चांदीसारखं होतं. रसायनशास्त्राचा असला तास शाळेत आम्हाला कधी घेता आला नाही.

पवनी या दिवसात कोंबू नका, एवढं माझं ऐकाच. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व विभागाने तिथल्या जगन्नाथ टेकडीवर स्तूप खणून काढला. त्या गावाला तट आहे, दरवाजा आहे, घाट आहेत. त्याला त्याचा स्वतःचा दिवस द्या.

वेळ उरला आणि मुलं ताजी असली तरच संध्याकाळी अंभोऱ्याला. 2024 च्या जानेवारीत सुरू झालेला तारांचा पूल, वर काचेची गॅलरी, खाली पाच नद्यांचा संगम आणि काठावर चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी 1188 मध्ये विवेकसिंधू इथेच लिहिला असं आम्ही वैदर्भीय सांगतो, आणि अंबाजोगाईकर म्हणतात, आमच्याकडे. ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षं आधीचा ग्रंथ आहे, भांडण सोडवायची घाई कशाला? मुलांना दोन्ही बाजू सांगा. मोठी माणसंही असल्या गोष्टींवरून भांडतात याची त्यांना फार मजा वाटते.

गॅलरीतून दिसणारं अथांग पाणी गोसेखुर्द धरणाचं आहे. 1988 च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींनी त्याचं भूमिपूजन केलं, आणि त्या पाण्याखाली गावं गेली. नागपूरच्या मुलांसाठी तर आणखी एक गोष्ट आहे. नाग नदी शहरातलं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान इथे वैनगंगेला. तुमच्या बाथरूममधून सकाळी गेलेलं पाणी वाटेत कुठेतरी आहे आणि इथेच येणार आहे. हे ऐकून एखादं पोर विचारील, "मग आपण काय करतो त्याचं?" महापालिकेची योजना माहीत असेल तर ती सांगा. नसेल तर घरी गेल्यावर दोघं मिळून शोधा.

जून संपला की कोक्याचे दरवाजे पावसाळ्यापुरते बंद होतात, ते ऑक्टोबरात उघडतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या जिप्सीत हाडं गोठतात, कानटोपी आणि पांघरूण घ्या. सुगंधी तेल, भडक कपडे घरी ठेवा. वानरांना बिस्किटं देऊ नका, मूल कितीही रडलं तरी. आणि पाच वर्षांखालचं असेल तर त्याला आजीजवळ ठेवून या. आजीलाही बरं वाटेल, जिप्सीतल्या बाकीच्यांनाही.