छातीतल्या पाण्याविषयी

चि. बाळ यास,

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने जर्जर झालेल्या ज्या बाईंविषयी तू लिहिलेस, त्यांच्या उजव्या छातीत साचलेले पाणी ‘मूळ रोगाचेच’ असा शेरा केसपेपरवर मारून तू मोकळा झालास. असा शेरा बहुधा खरा ठरतो हे मला मान्य आहे. परंतु पाण्याची जबानी होण्यापूर्वीच फैसला लिहून ठेवणे, रोगी कितीही हाताबाहेर गेलेला असला तरी, वैद्याला शोभत नाही.

याच रोगात गाठीच्या दाबाने मूत्रवाहिनी कोंडते, मूत्रपिंड फुगते, आणि क्वचित प्रसंगी मूत्र पाठीमागच्या पोकळीत झिरपून श्वासपटलातून त्याच बाजूच्या छातीत शिरते. ते पाणी निवळ, प्रथिनांनी उणे, कधी मूत्राचा दर्प असलेले. आणि त्यातील क्रिएटिनिन रक्तातल्याहून अधिक भरते. ही तपासणी साध्या प्रयोगशाळेतही होते, पण मागितल्यावाचून कोणी करीत नाही. मूत्राला नळीने वाट करून दिली की छाती बहुधा आपोआप रिती होते. नुसते सुईने उपसत बसलास तर ती पुनःपुन्हा भरेल.

इतर रोगांतही पाण्याचे कारण असेच शोधावे. लिम्फोमात वक्षनलिका तुंबून उतरणारे पाणी दुधाळ असते खरे, पण अन्न तुटलेल्या रोग्यात ते तसे दिसेलच असे नाही. म्हणून रंगावर न विसंबता ट्रायग्लिसराइड पाहावे, आणि ते शंभर मिलिलिटरमागे ११० मिलिग्रॅमच्या वर गेले तर संशय दृढ धरावा. रक्ताच्या कर्करोगावरील डॅसाटिनिबनेही छातीत पाणी होते, म्हणून औषधांची फेरिस्त वाचावी. क्षयाला तर आपल्या मुलखात दुर्मिळ म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. छातीतल्या पाण्याचा प्रकार ठरवण्याचे लाइट यांचे १९७२ चे निकष तुला पाठ असतीलच.

मात्र ज्या रोग्याचे दिवसच उरलेले नाहीत, त्याला आपल्या जिज्ञासेपायी टोचू नये. तिथे धाप शमवणे एवढेच काम. या बाई अजून स्वतःच्या हाताने जेवतात असे तू लिहितोस, तेव्हा त्यांची गोष्ट वेगळी.

उद्या पाणी काढशील ते एका वेळी दीड लिटरच्या आत ठेव, एक बाटली क्रिएटिनिनसाठी राखून त्याच वेळी रक्तही पाठव, मूत्रपिंडांची सोनोग्राफी करवून घे, आणि आकडे मला उलट टपाली कळव.

तुझा,
मामा