बोर्ड गेम कॅफे काढायचाय? आधी एक रविवार खेळून बघा

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "सर, कॉलेज रोडला बोर्ड गेम कॅफे टाकला तर चालेल का?" त्याचं उत्तर मला एका रविवारी इंदिरानगरमधल्या मित्राच्या घरी मिळालं. तेच आज आकड्यांसकट सांगतो. कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

आम्ही पाच जण, सगळे शाळेपासूनचे. सकाळी मिसळ खाऊन दहाला बसलो ते संध्याकाळी सहाला उठलो. आमच्यातला एक जण अंबडच्या कंपनीत क्वालिटीला आहे, पगार ३२ हजार. दुपारी तो हळूच म्हणाला, "अरे, मी राजीनामा लिहून ठेवलाय. पीएफ काढतो आणि असाच कॅफे टाकतो. बघ ना, आठ तास कोणी हललं का?"

हललं नाही, हे खरं. पण मित्रांनो, गिऱ्हाईक हलत नाही ही चांगली बातमी आहे की वाईट?

आधी खेळात काय झालं ते बघा. पहिला डाव कॅटानचा. क्लाउस टॉयबर नावाच्या जर्मन माणसाचा हा गेम १९९५ साली आला. लाकूड, विटा, गहू, मेंढ्या, खनिज गोळा करायचं आणि रस्ते, वस्त्या बांधत १० पॉइंट करायचे. साध्या डब्यात तो तीन ते चार जणांचाच आहे. आम्ही पाच! एक जण दीड तास मोबाईल बघत बसला. कॅफेत असा पाचवा माणूस ग्रुपला म्हणतो, "चला रे, दुसरीकडे जाऊ." म्हणजे तुमचं टेबल गेलं. त्यामुळे गेम विकत घेताना डब्यावर किंमतीच्या आधी खेळाडूंचा आकडा बघा.

दुसरं, नियम समजावण्यात पाऊण तास गेला. घरी ते मी केलं, फुकट. कॅफेत त्यासाठी पगारी मुलगा लागणार, आणि तो चहा देणाऱ्या मुलापेक्षा महाग पडणार.

तिसरं, कॅटानच्या डब्यात ९५ रिसोर्स कार्डं असतात. त्यातल्या दोनांवर आमच्याच पोराने चहा सांडला. डागाळलेलं कार्ड उलटं ठेवलं तरी ओळखू येतं, म्हणजे गेमची मजाच गेली. माझं स्वतःचं स्टेशनरी-खेळण्यांचं दुकान आहे, म्हणून सांगतो, फोडलेला सेट पुन्हा विकला जात नाही. सुरुवातीला गिऱ्हाइकाला दाखवायला मी चार-पाच सेट फोडले होते. ते अजून माझ्याच घरी आहेत. (त्या रविवारी तेच खेळलो.)

दुपारी व्यापार काढला. आपण लहानपणी सुट्टीत खेळायचो तो व्यापार म्हणजे मोनोपॉलीचा भाऊ, आणि मोनोपॉलीचं मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईच्या गेममध्ये आहे. १९०४ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. तिला दाखवायचं होतं की भाडं घेणारा श्रीमंत होत जातो आणि भाडं देणारा संपत जातो. गंमत बघा, हा गेम खेळता खेळता आमचा मित्र कॅफेचं स्वप्न सांगत होता आणि त्यात भाडं धरायलाच विसरला होता!

मग मी स्कोअरचा कागद उलटा केला. बीबीएला ब्रेक-इव्हन पाच मार्कांना होता. तेव्हा पाठ केला, कळला दुकानात.

समजा सहा टेबलं. भाडं ३५,०००, दोन मुलं २८,०००, लाईट-नेट ८,०००, तुटफूट आणि किरकोळ ४,०००. झाले महिन्याचे ७५,०००. हे आकडे आम्ही अंदाजाने धरले, तुमच्या गल्लीत जाऊन तुमचे काढा.

आता आमचंच टेबल घ्या. आठ तासांत दहा चहा आणि दोन प्लेट फ्राईज. चहा २५ आणि प्लेट १०० धरली तर बिल ४५०. माल वजा जाता हातात साधारण ३००. सहाही टेबलं दिवसभर भरली तरी १,८००. रोजचा खर्च २,५००. म्हणजे हाऊसफुल्ल असूनही सातशेचा खड्डा!

म्हणून चहावर नाही, वेळेवर पैसे घ्यायचे. माणशी तासाला ५० रुपये. चार जणांचा ग्रुप अडीच तास बसला तर ५००, वर खाण्यातले १५०, एकूण ६५०. खरी गर्दी शनिवार-रविवारीच होईल असं धरलं, तर महिन्यात दिवस आठच. ७५,००० भागिले ८ म्हणजे दिवसाला ९,३७५. त्यासाठी १५ ग्रुप लागतात. मित्र खूश झाला, "जमेल की!"

मी विचारलं, "आणि तुझा पगार?"

३२,००० मिळवले की ग्रुप २१ होतात. सहा टेबलांवर २१ ग्रुप म्हणजे प्रत्येक टेबल जवळजवळ नऊ तास सलग भरलेलं हवं, आठही दिवस. तो बराच वेळ फासा हातात घोळवत बसला. खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं. पण पीएफ त्याचा एकट्याचा नाही, घरी आईच्या औषधांचा खर्च आहे.

मग मार्ग काय? आपल्या नाशिकमध्ये मिसळीच्या ठिकाणी रविवारी सकाळी उभं राहायला जागा नसते, आणि दुपारनंतर खुर्च्या रिकाम्या. अशाच एका मालकाशी आम्ही बोललो. तीन ते सात टेबलं आमची, चहा-नाश्त्याचा सगळा धंदा त्याचा. आम्ही माणशी १०० रुपये घेणार. भांडवल म्हणजे एक बॅग आणि माझे फोडलेले सेट, शिवाय पाच-सहा जण खेळू शकतील असे दोन नवे गेम. मुलगा ठेवला नाही, नियम तो स्वतः समजावतो.

पहिल्या रविवारी ११ जण आले, त्यातले पाच आमचेच नातेवाईक. दुसऱ्या रविवारी धो-धो पाऊस, सात. तिसऱ्या रविवारी १६, आणि त्यातले चार जण दुसऱ्यांदा आलेले. तो वहीत रोज दोनच गोष्टी लिहितो, किती जण परत आले आणि कोणता गेम अर्ध्यात सोडला.

राजीनामा अजून कपाटात आहे. या रविवारी चौथा प्रयोग आहे.