राजापूर ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग : एका मतदारसंघाचा अभ्यास

राजापूर तालुक्याच्या पश्चिम टोकास, जैतापूरच्या खाडीकाठी नाटे हे गाव वसले आहे. यशवंतगड आणि साखरी नाटे येथील मच्छीमारांची वस्ती यांमुळे ते परिचित आहे. या गावच्या मतदाराने आजवर लोकसभेच्या अठरा सार्वत्रिक निवडणुका पाहिल्या. या काळात त्याच्या मतदारसंघास तीन नावे लाभली : १९५२ साली रत्नागिरी दक्षिण, १९५७ ते २००४ पर्यंत राजापूर आणि २००९ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग. अठरा निवडणुकांतून अवघे आठ प्रतिनिधी दिल्लीस गेले. ही संख्या लहान वाटली तरी तिच्यामागे या भूभागाच्या मतदानाचा विशेष स्वभाव दडलेला आहे.

पहिल्या निवडणुकीत काँग्रेसचे मोरेश्वर जोशी निवडून आले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने वातावरण तापलेले असताना वेंगुर्ल्याचे सुपुत्र बॅरिस्टर नाथ पै प्रजासमाजवादी पक्षातर्फे विजयी झाले. त्या वर्षीचा विजय काळास अनुसरूनच होता, असे म्हणता येईल. परंतु १९६२ चे काय ? महाराष्ट्र राज्य स्थापन झाले होते, समितीची लाट ओसरली होती आणि राज्यातील ४४ जागांपैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. तरीही राजापूरने नाथ पै यांनाच पुन्हा निवडले आणि १९६७ साली तिसऱ्यांदा. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याचा निर्णय दिल्यानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारे जे अशासकीय विधेयक देशभर चर्चिले गेले, ते राजापूरच्या या प्रतिनिधीचे होते. ते संमत झाले नाही. मात्र त्याच आशयाची चोविसावी घटनादुरुस्ती १९७१ साली झाली. ती पाहावयास नाथ पै हयात नव्हते. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतरच्या निवडणुकीत या मतदारसंघाची खरी कसोटी होती. एका लोकप्रिय नेत्याच्या पश्चात त्याच्या पक्षाची जागा सहसा टिकत नाही आणि त्यातून १९७१ ची ती लाट ! महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसला मिळाल्या. प्रजासमाजवादी पक्षाचे संपूर्ण देशात दोनच सदस्य निवडून आले. त्यांपैकी एक बंगालमधील कांथीचे होते, तर दुसरे राजापूरचे प्रा. मधु दंडवते. पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा आणखी चार निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९८४ साली राज्यातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या, तेव्हाही राजापूर अविचल राहिले. १९५७ पासून १९९१ पर्यंत चौतीस वर्षे दोन व्यक्तींनी या भागाचे प्रतिनिधित्व केले आणि त्यांतील बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर बसत होते.

असे का घडले असावे ? उमेदवारांची योग्यता हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. दक्षिण कोकणातील घराघरांतून कर्ता पुरुष मुंबईस गिरणीत, गोदीत, कचेरीत नोकरीस असे आणि गावचे घर त्याच्या मनीऑर्डरीवर चाले. कामगार संघटना, वाचनालये व सेवादलाच्या शाखा यांतून त्याच्या कानी पडलेले विचार शिमग्या-गणपतीस त्याच्याबरोबर गावी येत. गावी राहून मतदान करणाऱ्यांत मात्र स्त्रिया अधिक होत्या. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या. त्याच वेळी देशातील प्रमाण ९४३ होते. मुंबईशी असलेल्या या नात्याचे एक बोलके उदाहरण म्हणजे १९८० ची लोकसभा : तीत प्रा. दंडवते राजापूरचे, तर श्रीमती प्रमिला दंडवते उत्तर-मध्य मुंबईच्या सदस्य होत्या.

१९७७ मध्ये प्रा. दंडवते रेल्वेमंत्री झाले. द्वितीय वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या कारकिर्दीत. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले, तेव्हा ते अर्थमंत्री होते. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला, त्या वेळी मात्र मतदारसंघाचे प्रतिनिधी निराळे होते. १९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत विजयी झाले आणि १९९६ पासून २००४ पर्यंतच्या चारही निवडणुका शिवसेनेचे सुरेश प्रभू यांनी जिंकल्या. समाजवादी विचार ज्या वाटेने आला, त्याच मुंबईच्या वाटेने शिवसेनाही कोकणात आली, हे अभ्यासकाने ध्यानात घ्यावे. श्री. प्रभू हेही पुढे २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते. तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते.

२००८ च्या परिसीमनाने राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले. नाव जाण्याचे दुःख एक वेळ सोसता येते. वाचकांनी त्यामागचा हिशेब समजून घेणे अधिक अगत्याचे आहे. १९७१ साली राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती, म्हणजे ४८ पैकी प्रत्येक जागेमागे सुमारे साडेदहा लाख. अविभाजित रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे २० लाख लोक होते आणि ठाणे जिल्ह्यात सुमारे २३ लाख. दोहोंच्या वाट्यास साधारणपणे दोन-दोन जागा येणे स्वाभाविक होते. २००१ मध्ये राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाखांवर गेली व एका जागेमागे सुमारे २० लाख असे प्रमाण आले. १ मे १९८१ पासून वेगळे झालेले सिंधुदुर्ग मिळवूनही रत्नागिरीकडील संख्या २५ लाख ६६ हजारांच्या आसपासच होती, तर ठाणे जिल्हा ८१ लाखांच्या पुढे गेला होता. भागाकार केल्यास रत्नागिरी-सिंधुदुर्गास सव्वा जागा आणि ठाण्यास चार ! त्याप्रमाणे ठाणे जिल्ह्यात कल्याण, भिवंडी, पालघर व ठाणे असे चार मतदारसंघ झाले. इकडे राजापूर व रत्नागिरी यांचा बहुतांश भाग मिळून चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ व सावंतवाडी या सहा विधानसभा क्षेत्रांचा एक मतदारसंघ झाला. दापोली व गुहागर रायगडास जोडले गेले.

समान लोकसंख्येस समान प्रतिनिधित्व, हे तत्त्व न्याय्यच आहे. तथापि डोंबिवली-कल्याणच्या चाळींतून वाढलेल्या लोकसंख्येत कोकणातून गेलेली माणसे थोडी नाहीत. कोकणाने गमावलेला आवाज काही अंशी कोकणाच्याच माणसांसह उपनगरात गेला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

नव्या मतदारसंघात २००९ साली काँग्रेसचे निलेश राणे सुमारे ४७ हजार मतांनी विजयी झाले. २०१४ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत दीड लाखांच्या आणि २०१९ मध्ये पावणेदोन लाखांहून अधिक मतांच्या फरकाने निवडून आले. २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाचे नारायण राणे यांनी त्यांचा सुमारे ४८ हजार मतांनी पराभव केला. या काळात नाटे परिसर दोन प्रश्नांनी ढवळून निघाला. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या विरोधातील आंदोलनात १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलीस गोळीबार होऊन एकाचा मृत्यू झाला. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची जागा २०१९ च्या निवडणुकीच्या तोंडावर रद्द झाली. तरीही २०१४ वा २०१९ चा कौल केवळ या प्रश्नांवरचा मानणे धाडसाचे होईल. त्या दोन्ही वर्षी राज्यातील वारे याच दिशेने वाहत होते. आज सहा विधानसभा क्षेत्रांच्या बेरजेत खाडीकाठच्या चार-दोन गावांचे मत वेगळे दिसतही नाही.

राज्यांच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम राखण्याची तरतूद चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने केलेली आहे. पुढचा हिशेब होईल तेव्हा कोकणाची बाजू याहून दुबळी असेल : २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. परिसीमन गावी प्रत्यक्ष मोजलेल्या माणसांवर होते. मतदारयादीचा नियमही चाकरमान्यांनी नीट जाणून घ्यावा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार एकाच ठिकाणी नाव नोंदविता येते आणि ते ठिकाण सर्वसाधारण निवासाचे असावे लागते. गावी केवळ मालकीचे घर असणे पुरेसे नाही. २०२४ मध्ये नाटे येथे ७ मे रोजी मतदान झाले आणि कल्याण येथे २० मे रोजी. दोन्हीकडे नाव ठेवण्याचा मोह अशा वेळी होतो, परंतु खोटे निवेदन करून नाव नोंदविणे हा त्याच अधिनियमाखाली शिक्षेस पात्र गुन्हा आहे. निवृत्तीनंतर जे कायमचे गावी परतले आहेत, त्यांनी नमुना ८ भरून आपले नाव शहरातील यादीतून गावच्या यादीत स्थलांतरित करून घ्यावे. हा नमुना मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे तसेच तहसील कार्यालयात मिळतो.