खुब्यातली आखूड दांडी : घट्ट कशी बसते, सैल का होते?

"खुबा बदलावा लागेल," असे डॉक्टरांनी सांगितले की घरात दोन प्रश्न उभे राहतात. खर्च किती? आणि आत बसवलेले सैल तर होणार नाही ना? या वेळी आपण दुसरा प्रश्न समजून घेऊ.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. हा गोळा झिजला, किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटून खचला, तर तो बदलतात. विदर्भात अनेक घरांत सिकलसेल आहे. त्यात ऐन तारुण्यातही गोळा खराब होऊ शकतो. म्हणून हा विषय केवळ म्हाताऱ्यांचा नाही.

नवा गोळा धातूच्या दांडीवर बसतो आणि दांडी मांडीच्या हाडाच्या पोकळीत. इंग्लंडचे डॉ. जॉन चार्नली यांनी 1960 च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत ती बोन सिमेंटने पक्की करतात. सिमेंट न वापरता बसवायची दांडी मात्र पाचरीसारखी निमुळती असते. ती पोकळीत ठोकून घट्ट बसवतात. ही पहिली पकड. दांडीचा पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यात पुढे आपलेच हाड वाढून रुतते. ही दुसरी, कायमची पकड. तिला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात.

या काळात दांडी आत किती हलते यावर सारे अवलंबून असते. हालचाल 0.04 मिलिमीटरच्या आत राहिली तर हाड चांगले रुतते. 0.15 मिलिमीटरच्या वर गेली तर हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर तयार होतो आणि दांडी सैल राहते.

मग आखूड दांडी कशासाठी? हाताला प्लास्टर घातले की काम नसल्याने हात बारीक होतो. हाडाचेही तसेच. लांब दांडी वजन खाली नेते, त्यामुळे वरच्या हाडाला काम उरत नाही आणि ते विरळ होऊ शकते. साधारण 12 सेंटिमीटरपेक्षा आखूड दांडी वजन वरच्या भागातच देते आणि हाडही कमी कापावे लागते. तरुणाला पुढे दुसरे ऑपरेशन लागले तर हे वाचवलेले हाड कामी येते.

पण आखूड दांडीला पकडायला जागाही कमी असते. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 150 किलो. जिना चढताना आणि खाली बसून उठताना दांडीला पीळही पडतो. हाड ठिसूळ असेल तर दांडी खाली सरकू शकते किंवा हाड तडकू शकते. म्हणून वयस्कर बायामाणसांना अनेकदा सिमेंटची दांडीच बरी पडते. सिकलसेलमध्ये पोकळी कुठे अरुंद, कुठे कडक झालेली असते, तेव्हा एक्स-रेवर माप नीट घ्यावे लागते.

ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना एवढे विचारा :

1. माझे हाड सिमेंटविना दांडी धरेल इतके मजबूत आहे का?
2. आखूड दांडी मला का सुचवली?
3. पायावर पूर्ण वजन कधी द्यायचे?
4. मांडी घालून, उकिडवे बसणे चालेल का?

सिकलसेल असेल तर ते आधीच सांगा, भूल देताना ते महत्त्वाचे असते.

घरी आल्यावर कमोडची खुर्ची, उंच आसन आणि वॉकर हाताशी ठेवा. माळ्याची शिडी, पाण्याचे हंडे, ओली फरशी टाळा. दुखणे थांबले म्हणजे हाड रुतले असे नाही. रोजी बुडते म्हणून पंधरा दिवसांत कामावर जाणाऱ्याला घरच्यांनीच अडवले पाहिजे. मांडीतले दुखणे वाढले, पाय आखूड वाटू लागला, जखम पाझरली, ताप आला किंवा पडणे झाले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच दाखवा.